कोलेस्टेरॉलची गोळी : मुकाट्याने सोसू नये, मुकाट्याने सोडू नये



घरातील ज्येष्ठांच्या औषधांच्या डबीत रक्तदाबाची गोळी असते, मधुमेहाची असते, आम्लपित्ताची असते आणि बहुधा त्यांच्या जोडीला कोलेस्टेरॉलची एक लहानशी गोळीही असते. पहिल्या तिन्हींचा गुण लवकर प्रत्ययास येतो. रक्तदाब यंत्रावर उतरलेला दिसतो, साखर आटोक्यात आल्याचे तपासणीत कळते, छातीतील जळजळ शमते. कोलेस्टेरॉलच्या गोळीचे तसे नाही. अहवालातील आकडा उतरतो खरा. परंतु शरीराला त्याची काही जाणीव होत नाही. तिच्यामुळे हृदयविकाराचा जो झटका टळला, तो टळल्याची वार्ता कोणी घेऊन येत नाही. उलट पोटऱ्या दुखू लागल्या, मांड्या भरून आल्या, थकवा वाटू लागला, की पहिला संशय तिच्यावरच जातो. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर या गोळीचा नफा वहीत उतरत नाही. तोटा मात्र रोज अंगाला जाणवतो.

अशा वेळी ज्येष्ठ मंडळी बहुधा दोन वाटांपैकी एक धरतात. काही जण मुकाट्याने सोसतात. ‘वय झाले, आता दुखायचेच’ असे म्हणून ते जिना चढणे टाळतात, सकाळचे फिरणे सोडतात, मंदिराच्या पायऱ्या पाहून खालूनच हात जोडतात. परंतु या दुखण्याचा औषधाशी काही संबंध असेल काय, हे डॉक्टरांना विचारीत नाहीत. दुसरे काही जण मुकाट्याने सोडतात. कोणी काही सांगितले, मोबाईलवर काही वाचले, की ती गोळी डबीतच राहू लागते. मुलाला ठाऊक नसते, सुनेला ठाऊक नसते आणि डॉक्टर पुढच्या भेटीत ‘औषधे चालू आहेत ना?’ म्हणून विचारतात, तेव्हा मान होकारार्थी हलते. पहिल्या वाटेने अंगातील बळ जाते. दुसऱ्या वाटेने प्रसंगी प्राणावर बेतते. तक्रार उघडपणे सांगणे, ती क्रमाने तपासून घेणे आणि मग निर्णय करणे, ही तिसरी वाट आहे. तिच्याविषयीच आज लिहावयाचे आहे.

ही गोळी काय करते?

कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधांचा प्रमुख वर्ग ‘स्टॅटिन’ या नावाने ओळखला जातो. ॲटोर्व्हास्टॅटिन, रोझुव्हास्टॅटिन, सिम्व्हास्टॅटिन ही त्यातील परिचित नावे. ‘आम्ही शुद्ध शाकाहारी, अंड्याला शिवत नाही, मग आम्हांला कोलेस्टेरॉल कुठून?’ हा प्रश्न आपल्या घरांत हमखास ऐकू येतो. त्याचे उत्तर असे, की शरीरातील बहुतांश कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करते आणि त्यात यकृताचा वाटा मोठा असतो. तूप, साय, मिठाई व तळलेले पदार्थ यांतील स्निग्धांश, गादीवर बसून गेलेले आयुष्य आणि पिढीजात देणे यांची त्यात भर पडते. स्टॅटिन यकृतातील ही निर्मिती रोखते. मग यकृत आपली गरज भागविण्यासाठी रक्तातील ‘एलडीएल’ हे घातक कोलेस्टेरॉल अधिक प्रमाणात ओढून घेते आणि रक्तवाहिन्यांत साचणारा थर मंदावतो.

जपानी संशोधक अकिरा एंडो यांनी हजारो सूक्ष्म जीवांच्या जाती तपासून १९७३ मध्ये एका बुरशीतून या वर्गातील पहिला पदार्थ वेगळा काढला. लोव्हास्टॅटिन या औषधाला अमेरिकेत १९८७ मध्ये मान्यता मिळाली. तरीही त्याने माणसे वाचतात काय, हा प्रश्न उरलाच होता. त्याचे ठोस उत्तर १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातील एका चाचणीने दिले. हृदयविकार असलेल्या ४,४४४ रुग्णांपैकी निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन आणि निम्म्यांना औषधरहित गोळी देण्यात आली. पाच वर्षांहून थोड्या अधिक काळात औषधरहित गटातील १२ टक्के, तर औषध घेणाऱ्यांपैकी ८ टक्के रुग्ण दगावले. शंभरामागे चार जीव वाचविणारे औषध क्षुल्लक म्हणता येत नाही.

तक्रारींमागे तथ्य किती?

स्टॅटिनविषयीची सर्वांत मोठी तक्रार स्नायूंच्या वेदनेची. तिचा शोध अनेक वर्षे घेतला गेला. स्टॅटिन आणि औषधरहित गोळी यांची तुलना करणाऱ्या १९ मोठ्या चाचण्यांतील सुमारे १,२४,००० व्यक्तींची माहिती एकत्र करून २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी २७.१ टक्के लोकांनी स्नायूंत वेदना वा अशक्तपणा असल्याचे सांगितले. औषधरहित गोळी घेणाऱ्यांत हेच प्रमाण २६.६ टक्के होते. पहिल्या वर्षात स्टॅटिन घेणाऱ्यांच्या अशा साधारण १५ तक्रारींपैकी एक तक्रार खरोखर औषधामुळे होती. पुढील वर्षांत फारसा फरक आढळला नाही.

लंडन येथील २०२० च्या एका प्रयोगात तर दुष्परिणामांमुळे स्टॅटिन सोडून दिलेले ६० रुग्णच घेतले होते. त्यांना वर्षभरात चार महिने ॲटोर्व्हास्टॅटिन, चार महिने औषधरहित गोळी आणि चार महिने काहीच नाही, असे आलटून पालटून देण्यात आले. गोळी न घेण्याच्या महिन्यांत त्रास कमी होता. गोळी घेण्याच्या महिन्यांत तो वाढला. मात्र औषधरहित गोळीनेही तो जवळजवळ तेवढाच वाढला. औषधाने होणाऱ्या त्रासापैकी सुमारे ९० टक्के त्रास औषधरहित गोळीनेही झाला. स्वतःचे निकाल पाहिल्यानंतर निम्म्या रुग्णांनी गोळी पुन्हा सुरू केली.

याचा अर्थ ज्येष्ठांचे दुखणे खोटे, असा कोणी काढू नये. दुखणे खरेच असते. त्याचे कारण कोणते, एवढाच प्रश्न आहे. अपायाची धास्ती मनात असली, की शरीर ती वेदना निर्माण करू शकते आणि उतारवयात सांधे, कंबर व स्नायू दुखण्याची इतर कारणेही भरपूर असतात. म्हणून घरातल्यांनी ‘हे सगळे मनाचे खेळ आहेत’ असे म्हणून आजीला गप्प करणे जितके चूक, तितकेच ‘त्या गोळीनेच घात केला’ असे म्हणून तपासणीविना ती बंद करणेही चूक.

आणखी एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. अशा चाचण्यांत फार थकलेले, अनेक व्याधींनी ग्रासलेले ज्येष्ठ कमी असतात. २०१९ मध्ये २८ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा १,८६,८५४ सहभागी व्यक्तींपैकी ७५ वर्षांवरील केवळ १४,४८३ होत्या. सरासरीचा आकडा आपल्या ऐंशी वर्षांच्या, बारीक अंगकाठीच्या आजोबांना जसाच्या तसा लागू पडेलच असे नाही. वय ६५ च्या पुढे असणे, शरीर कृश असणे, मूत्रपिंड अधू असणे, थायरॉईडची उणीव असणे आणि एकाच वेळी अनेक औषधे चालू असणे, या गोष्टींनी स्नायूंना इजा होण्याचा धोका वाढतो, हे वैद्यकशास्त्राला मान्य आहे. ज्येष्ठांच्या तक्रारीला म्हणूनच अधिक वजन द्यावे.

कोणत्या दुखण्याचा संशय घ्यावा?

स्टॅटिनमुळे होणाऱ्या वेदनेची काही लक्षणे ओळखीची आहेत. ती बहुधा दोन्ही बाजूंना सारखी असते. मांड्या, नितंब, खांदे, पोटऱ्या अशा मोठ्या स्नायूंत असते. गोळी सुरू केल्यावर वा मात्रा वाढविल्यावर काही आठवड्यांत सुरू होते आणि गोळी थांबविल्यावर काही आठवड्यांत ओसरते. एकच गुडघा दुखणे, बोटांचे सांधे सकाळी आखडणे, कंबरेतून पायात कळ जाणे, यांचा दोष बहुधा दुसरीकडे असतो.

वेदनेपेक्षा अशक्तपणा अधिक महत्त्वाचा. खाली बसलेल्या माणसाला हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता येईनासे झाले, फडताळातील वरचा डबा काढताना हात वर जाईनासा झाला, तर विलंब न लावता डॉक्टरांना दाखवावे. रक्तातील ‘सीके’ या घटकाच्या तपासणीने स्नायूंची हानी कळते. तो सामान्य मर्यादेच्या दहापटींहून वर गेला, तर गोळी थांबविलीच जाते. तीव्र वेदना, अशक्तपणा आणि चहाच्या कोऱ्या अर्कासारखी गडद लघवी ही तिन्ही एकत्र दिसली, तर ती तातडीची अवस्था समजून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. स्नायू विरघळू लागून मूत्रपिंडावर भार येण्याची ही स्थिती फार विरळ आहे. लाख लोकांनी वर्षभर गोळी घेतली, तर दोघा-तिघांत ती उद्भवते. परंतु विरळ म्हणजे अशक्य नव्हे. सेरिव्हास्टॅटिन नावाचे याच वर्गातील औषध अशाच मृत्यूंमुळे २००१ मध्ये जगभरच्या बाजारातून मागे घ्यावे लागले. गोळी थांबविल्यावरही अशक्तपणा वाढतच राहिला, तर तेही सांगावे. फार थोड्या लोकांत शरीराची प्रतिकारशक्तीच स्नायूंवर उलटते आणि तिचा उपचार वेगळा असतो.

दोष गोळीचा, की सोबत्यांचा?

गोळीला दोष देण्यापूर्वी तिच्याभोवतीची परिस्थिती पाहावी. पहिली तपासणी थायरॉईडची. त्याची उणीव असेल, तर कोलेस्टेरॉल वाढते, स्नायू दुखतात आणि स्टॅटिनचा त्रासही अधिक होतो. तिन्हींचे मूळ एकच निघाले, तर त्या मुळावर उपचार केल्याने कोलेस्टेरॉलही उतरू शकते. दुसरी तपासणी ‘ड’ जीवनसत्त्वाची. दिवसभर दुकानात किंवा घरात राहणाऱ्यांना ऊन लागत नाही आणि त्याच्या अभावाने मांड्यांतील बळ जाते. तिसरी ‘बी-१२’ जीवनसत्त्वाची. शाकाहारी ज्येष्ठांत, विशेषतः दूध-दही कमी घेणाऱ्यांत, त्याची कमतरता वारंवार आढळते. तिने थकवा येतो, पायांना मुंग्या येतात आणि चालणे डळमळते.

त्यानंतर इतर औषधे पाहावीत. काही औषधे स्टॅटिनला शरीरात साठवून ठेवतात. मग दहाची गोळी कितीतरी अधिक मात्रेसारखी वागू लागते. गजकर्णासाठी सर्रास लिहून दिले जाणारे इट्राकोनाझोल आणि छातीच्या जंतुसंसर्गावरील क्लॅरिथ्रोमायसिन ही यांतील ठळक उदाहरणे. सिम्व्हास्टॅटिन या दोन्हींबरोबर घेऊच नये आणि ॲटोर्व्हास्टॅटिनचेही प्रमाण त्यांच्यामुळे रक्तात वाढते. डिल्टियाझेम, व्हेरापामिल, अमिओडॅरोन ही हृदयाची औषधे आणि ट्रायग्लिसराइडसाठी दिले जाणारे जेमफायब्रोझिल यांच्याही बाबतीत दक्षता लागते. त्वचेच्या डॉक्टरांकडे जाताना ‘हृदयाच्या औषधांशी यांचा काय संबंध?’ असे म्हणून जुनी चिठ्ठी घरी ठेवू नये. पपनसाच्या कुळातील ग्रेपफ्रूटचा रसही असाच परिणाम करतो. ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या लाल यीस्ट तांदळाच्या कॅप्सूलांत तर लोव्हास्टॅटिन हाच घटक असतो. त्या गोळीसोबत घेणे म्हणजे एकच औषध दोन नावांनी घेणे होय.

साखर, स्मरणशक्ती आणि यकृत

स्टॅटिनने मधुमेह होतो, ही भीती पूर्णतः निराधार नाही. १३ चाचण्यांतील ९१,१४० व्यक्तींच्या २०१० मधील आढाव्यात असे दिसले, की २५५ जणांनी चार वर्षे स्टॅटिन घेतले, तर एकाला अधिकचा मधुमेह जडतो. जे आधीच मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत, त्यांच्यात हे अधिक घडते. म्हणून अशांनी साखर नियमाने तपासावी. ज्यांना मधुमेह आहेच, त्यांना हृदयविकाराचा धोका मुळात मोठा असल्याने गोळीचा लाभ सहसा अधिक ठरतो.

विस्मरण व गोंधळलेपणाच्या काही तक्रारींची नोंद अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये औषधाच्या माहितीपत्रात घेतली. ही लक्षणे सहसा सौम्य असतात आणि गोळी थांबविल्यावर निवळतात, असेही त्यात म्हटले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ७० ते ८२ वर्षे वयाच्या ५,८०४ व्यक्तींपैकी निम्म्यांना सुमारे तीन वर्षे प्राव्हास्टॅटिन दिले होते. त्यांच्या बुद्धीवर व स्मरणावर त्याचा अनिष्ट परिणाम आढळला नाही. आजोबा नावे विसरू लागले, तर केवळ गोळीवर बोट ठेवून थांबू नये. विस्मरणाची रीतसर तपासणी करून घ्यावी. यकृताला गंभीर इजा क्वचितच होते. गोळी सुरू करण्यापूर्वी यकृताची एक तपासणी करावी आणि पुढे कावीळ, भूक मरणे अशी लक्षणे दिसली, तरच पुन्हा करावी, असा २०१२ पासूनचा संकेत आहे.

ही गोळी कोणासाठी अटळ?

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही : ही गोळी मुळात कशासाठी सुरू केली होती? त्याच्या उत्तरावर निर्णय अवलंबून असतो.

ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, ज्यांच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसविला आहे, ज्यांची बायपास झाली आहे किंवा ज्यांना रक्ताच्या गुठळीने पक्षाघात झाला आहे, त्यांच्यासाठी ही गोळी संरक्षक भिंतीसारखी आहे. वय ७५ च्या पुढे गेले, तरी त्यांना तिचा लाभ मिळतो, असे पुराव्यांवरून दिसते. त्यांनी त्रास झाल्यास गोळी बदलावी, मात्रा बदलावी. पण वाऱ्यावर सोडू नये.

ज्यांना असा कोणताही विकार नाही, केवळ अहवालातील आकडा पाहून गोळी सुरू झाली आहे आणि वय ७५ च्या पुढे आहे, त्यांच्याविषयीचा पुरावा इतका भक्कम नाही. म्हणूनच ऑस्ट्रेलियात ७० वर्षांवरील आणि अमेरिकेत ७५ वर्षांवरील ज्येष्ठांसाठी खास या प्रश्नावर मोठ्या चाचण्या हाती घेण्यात आल्या. फ्रान्समध्ये असा विकार नसलेल्या, नियमाने स्टॅटिन घेणाऱ्या आणि ७५ वर्षे पूर्ण केलेल्या १,२०,१७३ व्यक्तींची पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. गोळी सोडलेल्यांना हृदय वा रक्तवाहिन्यांच्या विकाराने रुग्णालयात दाखल होण्याचा धोका ३३ टक्क्यांनी अधिक आढळला. ही केवळ पाहणी होती. आधीच खालावलेल्यांनी गोळी सोडली असणेही शक्य आहे. तरीही ‘सोडली तर काय बिघडते?’ या प्रश्नाला सहजपणे ‘काहीच नाही’ म्हणता येत नाही. अशा ज्येष्ठांनी डॉक्टरांसमोर बसून लाभ, त्रास आणि स्वतःची इच्छा, तिन्हींचा विचार करावा.

आयुष्याच्या अखेरच्या टप्प्याची गोष्ट वेगळी. असाध्य आजाराने एक वर्षाहून कमी आयुष्य उरले आहे, अशा ३८१ रुग्णांवरील अमेरिकेतील चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. स्टॅटिन थांबविलेल्यांत ६० दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण लक्षणीयरीत्या वाढले नाही आणि त्यांना थोडे अधिक बरे वाटले. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धेच्या मुखात दहा वर्षांपुढच्या लाभासाठी गोळी घालण्यात अर्थ उरत नाही. तिथे डॉक्टरांच्या संमतीने गोळी कमी करणे हाही योग्य उपचारच आहे.

पूर्ण मात्रा आणि पूर्ण त्याग यांच्यामध्ये

गोळी एक तर पूर्ण घ्यावी किंवा पूर्ण सोडावी, असे मानण्याचे कारण नाही. ॲटोर्व्हास्टॅटिनच्या १० मिलिग्रॅम मात्रेने एलडीएल साधारण ३५ ते ४० टक्के उतरते. मात्रा चौपट केली, तरी ही घट ५० टक्क्यांच्या आसपासच जाते. मात्रा दुप्पट केल्याने सुमारे ६ टक्क्यांचीच भर पडते. म्हणजेच लाभाचा मोठा वाटा लहान मात्रेतच हाती येतो, तर स्नायूंचा धोका मात्रेबरोबर चढत जातो. आशियाई वंशाच्या लोकांच्या रक्तात रोझुव्हास्टॅटिनचे प्रमाण अधिक वाढत असल्याने त्यांना ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करावी, अशी सूचना त्या औषधाच्या अमेरिकेतील माहितीपत्रातच आहे.

त्रास होत असल्यास डॉक्टर काही आठवडे गोळी थांबवून पाहतात, मग कमी मात्रेत किंवा दुसऱ्या स्टॅटिनने पुन्हा सुरुवात करतात. काहींना एक दिवसाआड गोळीही सोसते. एझेटिमाइब हे औषध आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषले जाणे रोखते आणि एलडीएल आणखी १५ ते २० टक्के उतरविते. बेम्पेडोइक ॲसिड यकृतात कार्यान्वित होते, स्नायूंत होत नाही. स्टॅटिन न सोसणाऱ्या १३,९७० व्यक्तींवरील २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने हृदयविकारादी प्रमुख घटना १३ टक्क्यांनी घटल्या. मात्र युरिक ॲसिड वाढणे व पित्ताशयात खडे होणे यांकडे लक्ष ठेवावे लागते. पर्याय आहेत, ते विचारणाऱ्याला मिळतात.

आपल्या आचारधर्मातील तीन प्रश्न

‘गोळी रात्री सांगितली आहे, पण माझा चोविहार असतो’ म्हणून कित्येक ज्येष्ठ ती घेतच नाहीत. सिम्व्हास्टॅटिनसारखी अल्पकाळ टिकणारी औषधे सायंकाळी घेणे इष्ट असते. ती सूर्यास्तापूर्वीच्या भोजनासोबत घेता येतील काय, हे विचारावे. ॲटोर्व्हास्टॅटिन व रोझुव्हास्टॅटिन शरीरात दीर्घकाळ टिकतात; ती दिवसा कोणत्याही ठरावीक वेळी घेता येतात. व्रत आणि औषध यांत इथे विरोध नाही. डॉक्टरांना व्रत सांगितले पाहिजे, इतकेच.

पर्युषणातील उपवासांत एखाद-दोन दिवस स्टॅटिन चुकल्याने सहसा अनर्थ होत नाही. खरी अडचण पारण्यानंतर येते. अठ्ठाईसाठी थांबविलेली गोळी पुन्हा सुरू करायचीच राहून जाते. मधुमेह, रक्तदाब आणि रक्त पातळ करणारी औषधे मात्र उपवासातही स्वतःच्या मनाने थांबवू नयेत. दीर्घ तपश्चर्येपूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

तिसरा प्रश्न कॅप्सूलचा. स्टॅटिन बहुधा साध्या गोळीत मिळते; परंतु ॲस्पिरिन वा क्लोपिडोग्रेलसह ते एकत्र दिले जाते, तेव्हा पुष्कळदा कॅप्सूलमध्ये असते. कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य असते. हे कळल्यावर काही ज्येष्ठ कोणाला न सांगता ती कॅप्सूल बंद करतात. यात दुहेरी धोका आहे. कोलेस्टेरॉलच्या औषधासोबत रक्ताची गुठळी रोखणारे औषधही थांबते आणि स्टेंट बसविलेल्या रुग्णात ते जिवावर बेतू शकते. तीच औषधे स्वतंत्र गोळ्यांच्या रूपात मागता येतात. मागण्यात संकोच कसला?

एका पानाची नोंद

शेवटी घरातल्या तरुण मंडळींसाठी एक काम. एका पानावर पुढील गोष्टी लिहाव्यात : कोलेस्टेरॉलची गोळी कोणत्या साली व कशासाठी सुरू झाली, तिचे नाव व मात्रा काय, दुखणे केव्हा सुरू झाले, कुठे आहे, दोन्ही बाजूंना आहे काय, त्या सुमारास कोणते नवे औषध सुरू झाले होते, थायरॉईड व जीवनसत्त्वांच्या तपासण्या कधी झाल्या. पाकिटावरील नावाच्या शेवटी ‘स्टॅटिन’ हा शब्द आहे काय, ते भिंगातून वाचून घ्यावे. आणि ज्येष्ठांना न रागावता विचारावे, ‘बाबा, ही गोळी रोज घेता ना? घेतल्यावर काही होते का?’ उत्तर ऐकून घ्यावे आणि ते पान घेऊन त्यांच्यासोबत डॉक्टरांकडे जावे.

दुकानाचा रोजमेळ एका दिवसाचाही चुकू न देणारी आपली घरे आहेत. वडीलधाऱ्यांच्या दुखण्याची नोंदही तितक्याच काळजीने ठेवली, तर गोळी चालू ठेवायची, बदलायची की थांबवायची, हा निर्णय भीतीने वा ऐकीव माहितीने होणार नाही. तो समजून उमजून होईल.